शाळेचे दप्तर

मराठीत ‘दप्तर’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. मूळचा तो फारसी. पण आपण त्याला असा काही घरचा करून घेतला, की पोराच्या पाठीवर लोंबते तेही दप्तर आणि हेडमास्तरांच्या कपाटात कुलपाखाली असते तेही दप्तरच! पुण्यात पेशव्यांचे दप्तर आहे आणि गल्लीतल्या बाळ्याचेही आहे. एका दप्तरात पाटी, पुस्तक, चिंचा आणि तुटकी पेन्सिल. दुसऱ्यात हजेरीपट, दाखल-खारीज रजिस्टर, शेरेबुक आणि निकालपत्रके. पहिल्यात मूल काय शिकते ते असते. दुसऱ्यात शिकले म्हणून काय लिहिले गेले ते असते. आपल्या शाळांचा इतिहास म्हणजे या दोन दप्तरांच्या नात्याचा इतिहास, असे मला पुष्कळदा वाटते.

आज ही दोन्ही दप्तरे हातभर लांबीच्याही नसलेल्या एका काचेच्या पेटीत येऊन बसली आहेत. गुरुजी मोबाईलवरच हजेरी घेतात, त्यावरच धडा दाखवतात, त्यावरच गृहपाठ देतात, आणि चाचणीचे गुणही त्यावरूनच वर जातात. सरकारी मराठीत या व्यवस्थेला ‘अध्ययन व्यवस्थापन प्रणाली’ असे भारदस्त नाव आहे. शिक्षक बापडे नुसते ‘पोर्टल’ म्हणतात. ही वस्तू काल-परवाची, परदेशातून आलेली, असा आपला समज. यंत्र नवे आहे हे खरे. पण त्यामागची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यातून, शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमावरून जातो. तो धागा दिवाळीच्या निवांतपणात उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगावात दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य आणि कॅप्टन स्टॉन्टनची छोटी पलटण यांची लढाई झाली. तिचे वर्णन येथे करायचे कारण नाही. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या हाती आला, एवढे आपल्याला पुरे आहे. पुढे १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. राज्य घेतले, आता चालवायचे कसे, या विचारात त्याला शाळांचाही विचार करावा लागला.

तेव्हा आपल्याकडे शाळा नव्हत्या असे नाही. पंतोजींची शाळा गावोगाव असे. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात, कुठे पारावर. धूळपाटीवर तांबडी माती पसरायची आणि ‘ओ ना मा सी धं’ म्हणत बोटाने अक्षर गिरवायचे. ही धुळाक्षरे. मग मोडी, मग हिशेब. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढे. संध्याकाळी दिवा लागला की परवचा. पंतोजींची मिळकत धान्याच्या पायलीत, आणि शिक्षा मात्र सढळ हाताने. पण या शाळेत एक गोष्ट फार मार्मिक होती. पंतोजी एक, पोरे वीस आणि प्रत्येकाची मजल वेगळी. तेव्हा धाकट्याचा हात धरून अक्षर गिरवून घेण्याचे काम थोरला पोरगा करी. छापील पुस्तक नव्हते, इयत्ता नव्हती, हजेरीपट नव्हता. कोण कुठवर आला ते पंतोजींच्या आणि त्या थोरल्या पोराच्या ध्यानात असे. दुसरे दप्तर शाळेत अजून आलेच नव्हते.

ही रीत फार जुनी. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकात इक्केरीला आला होता. देवळाच्या ओसरीत चार मुले जमिनीवर बारीक वाळू पसरून तीत बोटाने आकडे लिहीत, सुरात म्हणत शिकत बसलेली त्याने पाहिली. विसरलात तर चूक कोण दुरुस्त करतो, असे त्याने विचारले. आम्हीच एकमेकांना शिकवतो, असे पोरांनी त्याला सांगितले. त्याला मोठे नवल वाटले आणि त्याने ते पत्रात लिहून ठेवले.

नवल पुढेच आहे. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासजवळ एगमोर येथे सोल्जरांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. एकदा मलबारी मुले वाळूत अक्षरे काढताना त्याच्या दृष्टीस पडली. हीच युक्ती आपल्या शाळेत आणावी असे त्याला वाटले. त्याच्या हाताखालच्या मास्तरांना हा पोरखेळ पसंत पडला नाही. तेव्हा बेलने ते काम एका आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवले, आणि त्या चिमुरड्या गुरूने ते चोख करून दाखवले! बेलने याची पद्धत बांधली आणि १७९७ मध्ये लंडनला ती छापली. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर नावाच्या तरुणाने लंडनमध्ये शाळा काढून याच धर्तीवर एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले शिकवली. मुलांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीवर एक नायक, नायकाकडे यादी, पुढे गेलेल्याला वरची टोळी, चांगल्या कामाला तिकिटे आणि छातीवर लावायला बिल्ले. आजच्या अ‍ॅपवर धडा संपला की चांदणी मिळते आणि बिल्ला मिळतो. त्या चांदणीचा पणजोबा तो लँकेस्टरचा बिल्ला होय.

१८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून नावाजली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि आपले सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे तिचे कार्यवाह. देशी शाळांची पाहणी करून या मंडळींनी ठरवले की इथे पुस्तके नाहीत आणि पद्धत नाही. तेव्हा पुस्तके छापावीत आणि लँकेस्टरची पद्धत आणावी. थोडक्यात, आपल्या ओसरीवरची धूळ समुद्रापलीकडे जाऊन साहेबी टोपी घालून परत आली! अर्थात परत येताना तिने एक वस्तू बरोबर आणली, जी इथे नव्हती. ती म्हणजे यादी. मुलाचे नाव, त्याची टोळी, त्याची हजेरी, त्याची मजल हे सारे कागदावर. शाळेचे दुसरे दप्तर आले ते असे.

यादी ही साधी वस्तू नव्हे. यादीत नाव असणे आणि नसणे यांत केवढे अंतर असते ते पाहायचे तर पुन्हा कोरेगावला यावे. १८२१ मध्ये लढाईच्या स्मारकाचा पाया घातला गेला. नदीपल्याड पेरण्याच्या हद्दीत तो उंच दगडी स्तंभ आजही उभा आहे. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. मी ती वाचली आहेत. पुष्कळ नावांच्या शेवटी ‘नाक’ येते, ही महार समाजातल्या नावांची खूण. त्याच १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारने पाठशाळा उघडली, ती मात्र ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती. सरकारच्या एका यादीत, दगडावरच्या यादीत, ‘नाक’ होते. दुसऱ्या यादीत त्याला जागा नव्हती. आणि हे नकळत झाले असेही नाही. एल्फिन्स्टनने १८२३ च्या आपल्या टिपणात लिहून ठेवले आहे की खालच्या मानलेल्या जातींतली मुले उत्तम विद्यार्थी ठरतात असे मिशनरी सांगतात. पण त्यांनाच प्रथम उत्तेजन दिले तर शिक्षण इतरांत पसरणार नाही. राज्यकर्त्याचा हिशेब तो असा.

हा हिशेब पुढे किती दिवस चालला? १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते निघाले. दुसऱ्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत दाखल करून घ्यावे म्हणून एका महार मुलाने अर्ज केला आणि तो नाकारला गेला. कागद मात्र जपून ठेवला गेला. दप्तराचा हा एक विचित्र गुण आहे: ते अन्याय थांबवत नाही, पण त्याची नोंद ठेवते आणि पुढे कधीतरी साक्ष देते.

सरकार विचारच करीत होते तेव्हा पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. ज्यांची नावे कुठल्याच पटावर नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःचा पट मांडला. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे आपले निवेदन जोतीरावांनी हंटर आयोगाला सादर केले. त्यात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी आहे. मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान हे सारे शिकवावे, असेही ते म्हणतात. पट भरला की शाळा झाली, असे त्यांना मान्य नव्हते. मूल काय शिकते हा त्यांचा प्रश्न होता.

याच काळात दुसऱ्या दप्तराने एक मोठा घोटाळा करून ठेवला. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये ‘निकालावर पैसा’ अशी पद्धत निघाली आणि लवकरच मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी ती आली. इन्स्पेक्टरने यावे, एकेका मुलाची परीक्षा घ्यावी, आणि जितकी डोकी पास तितके अनुदान. ऐकायला किती चोख! पण परिणाम उलटा. मास्तर परीक्षेत विचारतील तेवढेच शिकवू लागले. कच्चे पोर म्हणजे तोट्याचा सौदा, असे होऊन बसले. खेड्यापाड्यांत ‘दिपोटी येणार’ म्हटले की भिंती सारवल्या जात, टोप्या धुतल्या जात आणि कविता घोकल्या जात. विसाव्या शतकाच्या आरंभी ही अनुदानाची पद्धत सोडून देण्यात आली. मोजायला सोपे ते शिकवण्याचा मोह मात्र शाळेच्या हाडी खिळला तो खिळलाच.

आता या साऱ्या दप्तरांतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान सांगतो. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. वडील सैन्यातले सुभेदार आणि पलटणीच्या शाळेत हेडमास्तर राहिलेले. ज्या सैन्याने कोरेगावच्या स्तंभावर नावे कोरली त्याच सैन्याच्या शाळांमुळे काही महार घरांत अक्षर शिरले होते, आणि त्या घरातला मुलगा १ जानेवारी १९२७ रोजी बॅरिस्टर होऊन त्या स्तंभापुढे उभा राहिला. ते रजिस्टर साताऱ्याच्या शाळेने जपले आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतात. धारवाडच्या कागदाला साताऱ्याच्या पानाने दिलेले हे उत्तर आहे.

पण त्या पानाचीही दुसरी बाजू आहे. पटावर तो मुलगा हजर आहे. तो वर्गात कुठे बसला, हे पट सांगत नाही. तो एका कोपऱ्यात, वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. तहान लागली तर नळाची तोटी त्याला स्वतः सोडता येत नसे. हे पुढे बाबासाहेबांनी स्वतः लिहिले तेव्हा जगाला कळले. पटाने त्याला शाळेत घेतले हे पटाचे उपकार. पट गोणपाट पाहू शकला नाही ही पटाची मर्यादा. शाळेच्या प्रत्येक नव्या दप्तरापुढे मी ही दोन वाक्ये ठेवून पाहतो.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. बडोद्यात सयाजीरावांनी, कोल्हापुरात १९१७ मध्ये शाहू महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग धरला. १९२३ मध्ये मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा ‘झेडपीची’ झाली. यंत्रेही येत गेली. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी स्थापन झाली, दूरदर्शनवर मुलांचे पाठ दिसू लागले. २०१७ मध्ये ती संस्था बंद पडली. तिकडे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्येच ‘प्लेटो’ नावाची योजना सुरू झाली होती. संगणक धडा देई, प्रश्न विचारी आणि उत्तर टिपून ठेवी. २००२ मध्ये मार्टिन डुगियामस या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने ‘मूडल’ हे फुकट वापरता येणारे दप्तर जगाला दिले. हे गृहस्थ लहानपणी वाळवंटी भागात राहत असल्यामुळे रेडिओवर भरणाऱ्या शाळेत शिकले होते! दूरच्या मुलाला गुरूपर्यंत नेण्याची तळमळ त्यांना का लागली असावी, ते यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘सरल’ ही संगणकावरची नोंदवही आली. प्रत्येक मुलाची आणि शाळेची माहिती एका ठिकाणी. २०१७ मध्ये देशभरासाठी ‘दीक्षा’ आले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत काळ्या-पांढऱ्या चौकटी दिसू लागल्या. मोबाईल धरला की धड्याचे चित्र किंवा व्हिडिओ उघडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी याच चौकटींचा वापर आधी आपल्या शाळेत करून दाखवला होता. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातला अर्धा वाटा अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकला. आकड्याने काम सुरू झाले आणि शेवटी माणूसपण दिसले, याचे हे सुंदर उदाहरण.

त्याच २०२० च्या मार्चमध्ये महासाथीने शाळांना कुलूप लागले, आणि शाळा म्हणजे काय याची कसोटी लागली. शाळा बंद, पण शिक्षण चालू, असे सरकारने ठरवले. सकाळी लिंक यायची, दुपारी गृहपाठ, संध्याकाळी उत्तराचा फोटो. कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव हा सारा पट्टा कारखान्यांचा. लांबून आलेल्या कामगारांची बिऱ्हाडे, एका खोलीत पाच माणसे आणि घरात फोन एक. ज्या घरचा एकुलता फोन बापाबरोबर पाळीवर जाई, त्या घरच्या पोराची शाळा बाप परत आल्यावर भरे. यंत्राला त्याचे काय? त्याने ‘पाहिले नाही’ एवढेच लिहिले. गोणपाट इथेही होते. फक्त ते पडद्याच्या अलीकडे होते.

म्हणून यंत्र वाईट असे मी म्हणणार नाही. उलट जिथे मूल हातून निसटते तिथे यंत्राची यादी फार मोठे काम करू शकते. दौंड-शिरूरकडे उसाच्या हंगामात तोडणीवाल्यांच्या टोळ्या येतात. त्यांची पोरे दिवाळीनंतर एका गावाच्या पटावर आणि प्रत्यक्षात दुसऱ्या गावाच्या फडात असतात. वीटभट्टीचीही तीच कथा. अशा मुलांसाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ निघाले, कायमचा विद्यार्थी क्रमांक आला, अलीकडे बारा अंकी ‘अपार’ क्रमांकही आला. पोर जाईल तिथे त्याचे नाव पाठोपाठ जावे, दाखल्यावाचून त्याचे काही अडू नये, ही धारवाडच्या अर्जाला न्याय देणारीच गोष्ट आहे. मात्र त्या क्रमांकामागे फडावर जाऊन पोराला हाताला धरून आणणारा शिक्षक हवा. तोच शिक्षक दिवसभर रकाने भरीत बसला, तर दिपोटीचे दिवस परत आले असे समजावे.

आणि शिकवण्याचे काय? शिरूर तालुक्यातच शिक्रापूरजवळ वाबळेवाडीची झेडपी शाळा आहे. गावकऱ्यांनी जमीन दिली, काचेचे वर्ग उभे राहिले, मुलांच्या हाती टॅबलेट आले आणि लांबलांबून लोक ती शाळा पाहायला आले. शेजारच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळा २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत अंतिम यादीत आली आणि लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार तिने पटकावला. तिची जी खासियत जगाने नावाजली, ती ऐकून मला देल्ला व्हाल्लेची आठवण झाली. तिथे ‘विषयमित्र’ असतात. ज्याला गणित येते तो मुलगा ज्याला येत नाही त्याचा मित्र होतो आणि त्याला शिकवतो. वयाचा आणि इयत्तेचा अडसर नाही. इक्केरीच्या ओसरीवरची वाळू, एगमोरचा तो आठ वर्षांचा गुरू आणि पंतोजींच्या शाळेतला हात धरणारा थोरला पोरगा, हे सारे जालिंदरनगरच्या वर्गात पुन्हा येऊन बसले आहेत.

दोनशे वर्षांत आपण शाळेचे दुसरे दप्तर उत्तम ठेवायला शिकलो. नाव हरवू नये, नाकारलेला अर्ज पुसला जाऊ नये, यासाठी ते हवेच. पहिले दप्तर मात्र अजून माणसालाच उघडावे लागते, आणि पुष्कळदा ते उघडणारा माणूस दहा वर्षांचाच असतो. दिवाळीच्या सुटीत घरातली पोरे अंगणात किल्ला करीत बसतील तेव्हा पाहा. थोरली ताई धाकट्याला बुरूज कसा रचायचा ते दाखवीत असेल, आणि तो दोनदा पाडून तिसऱ्यांदा नीट रचील. याची नोंद कुठल्याच पोर्टलवर होणार नाही. आपण मात्र ती घ्यावी, आणि ताईच्या हातावर एक चकली जास्त ठेवावी.